पावसाळा, शाळा आणि ताप: पालक परत परत विचारतात ते प्रश्न

मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत सिक रूम सांभाळते, राहायला ऐरोलीला. जूनपासून दसऱ्यापर्यंत माझा फोन सकाळी सहाला वाजायला लागतो, "सिस्टर, ९९ आहे, पाठवू का?" तेच प्रश्न, तीच उत्तरं, टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय. मी नर्स आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस आणि औषधाचं नाव माझ्याकडे मागू नका, ते तुमच्या डॉक्टरांकडून.

१. पावसात भिजल्यामुळेच मुलं आजारी पडतात ना? रेनकोट चांगला घेतला तर प्रश्न मिटेल?

नाही मिटणार. भिजलं की थंडी वाजते, ओले मोजे दिवसभर पायात राहिले तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, पण सर्दी-ताप आणणारा व्हायरस ढगातून पडत नाही, तो शेजारच्या बाकावरून येतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते, दीड महिना घरी किंवा गावाला असलेली मुलं एकदम पन्नासच्या वर्गात कोंबली जातात, त्यात झड आत येते म्हणून खिडक्या बंद. झालं. फ्लूचं एक जोराचं पीक आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर येतं आणि दुसरं जानेवारी ते मार्च, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. बाकी पावसाळ्यातले आजार तीनच वाटांनी येतात, खोकला आणि हात, पाणी आणि खाणं, आणि डास. कुठला आजार कुठल्या वाटेचा हे कळलं की निम्मी घबराट तिथेच जाते.

२. ताप म्हणजे नक्की किती? ९९ ला घरी ठेवायचं का?

१००.४ फॅरनहाइट म्हणजे ताप. काखेत लावलात तर आकडा अर्धा-एक डिग्री कमी दिसतो हे लक्षात असू द्या. उठल्या उठल्या ९९ असेल, पोर नाश्ता करतंय, भावाशी भांडतंय, तर पाठवा. ९९ आहे पण मलूल पडलंय, डोळे तांबारलेत, दूधसुद्धा नको म्हणतंय, तर आकडा विसरा आणि घरी ठेवा. कपाळाला हात लावून सांगितलेला ताप मी मोजत नाही, तुमचा हात नुकताच भांडी घासून गार झालेला असतो.

३. सकाळी ताप होता, पॅरासिटॅमॉल दिलं, उतरला. आता पाठवलं तर चालेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात कमी आवडतं. नाही चालणार. पॅरासिटॅमॉल चार ते सहा तास काम करतं. साडेसहाला दिलंत तर साडेदहा-अकराला ताप परत, म्हणजे बरोब्बर छोट्या सुट्टीच्या आसपास. त्या वेळी माझ्याकडे रांग लागते ती उगाच नाही.

मागे तिसरीतली एक मुलगी आली होती, गाल लाल, १०२.३. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात रुमालात गुंडाळलेली गुलाबी औषधाची छोटी बाटली आणि चिठ्ठी, "११ वाजता घे, टीचरना सांगू नको." तिला झाकणात औषध ओतता येईना, अर्धं युनिफॉर्मवर सांडलेलं. रडत होती ती तापाने नाही, आई रागावेल म्हणून. पुढच्या चार-पाच दिवसांत तिच्या आसपासच्या बाकांवरची सहा मुलं आळीपाळीने माझ्या कॉटवर येऊन गेली.

औषधाने ताप झाकला जातो, व्हायरस तिथेच असतो. म्हणून नियम असा, औषध न देता सलग २४ तास ताप नाही, मग शाळा. काल रात्री नऊला शेवटचा ताप असेल तर आज शाळा नाही, उद्या. आणि बाटली बॅगेत ठेवूच नका, कारण ड्रॉप्सच्या १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० किंवा २५०, धाकट्याचे ड्रॉप्स थोरल्याच्या चमच्याने दिले गेले की डोस भलताच होऊन बसतो. हे घरी मोठ्यांच्या हातूनसुद्धा होतं, मुलांचं काय घेऊन बसलात.

४. कुठल्या आजारात किती दिवस घरी ठेवायचं?

फ्लूमध्ये लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस मूल पसरवत असतं, लहान मुलं त्याहून जास्त, म्हणून २४ तासांचा नियम (प्रश्न ३) हा कमीत कमी समजा. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस, एकही ओला फोड असेल तर नाही. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप गेला, नवे फोड यायचे थांबले, तोंडात दुखत नाही आणि लाळ गळत नाही, तर पाठवता येतं, पण विष्ठेतून तो व्हायरस काही आठवडे बाहेर पडत राहतो म्हणून शी-शूनंतर साबण लावलाच पाहिजे. जुलाब-उलट्या थांबल्यावर निदान एक दिवस, दोन ठेवलेत तर उत्तम. टायफॉइड आणि काविळीत मी काही सांगत नाही, डॉक्टर लिहून देतील तेव्हाच. डोळ्यांसाठी प्रश्न ८, डेंग्यूसाठी ११.

५. ताप नाही, फक्त नाक गळतंय आणि खोकला आहे. महिनाभर घरी ठेवायचं का मग?

अजिबात नाही. साधी सर्दी आठ-दहा दिवस चालते आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढे दिवस प्रत्येकाला घरी ठेवलं तर जुलैत वर्गात फक्त फळा उरेल. खेळतंय, जेवतंय, तर पाठवा, सोबत दोन रुमाल (एक ओला झाला की तोच तोच नाकाला लावतात), आणि खोकताना तोंडावर तळहात नाही, कोपराची घडी. मास्क लावणार असेल तर छान, पण पहिलीतलं पोर मास्क मधल्या सुट्टीपर्यंत मित्राशी अदलाबदल करतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दम्याचा खोकला पसरत नाही, त्या मुलांना घरी बसवू नका, फक्त इन्हेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे द्या. कफ सिरप मात्र लहानांना मनाने देऊ नका. सर्दीचं जे नेहमीचं मिश्रण मिळतं, क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिनचं, ते चार वर्षांखालच्यांना देऊ नये असं २०२३ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांनीच सांगितलंय. एक वर्ष झालेल्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिलात तर खोकल्याला पुष्कळ आराम पडतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

६. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी ठेवायचं कुणाकडे? हे सांगणं सोपं आहे सिस्टर.

खरंय, सोपं आहे. माझी स्वतःची मुलगी लहान होती तेव्हा मीही एकदा अशीच पाठवली होती आणि अकराला ट्रान्सहार्बरच्या लोकलने परत तिच्याकडे पळाले होते, त्यामुळे कुणालाही बोल लावायचा हक्क मला नाही.

तरी चालेल असं थोडं सांगते. जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवा, पहिला दिवस कोण सुट्टी घेणार, दुसरा कोण, ताप आल्यावर सकाळी सहाला हे भांडण करू नका. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी आळीपाळी केली तर जमतं, पण ज्याला तोच आजार आहे किंवा होऊन गेलाय अशाच घरी. पाळणाघरात पाठवणं म्हणजे शाळेतला आजार दोन वर्षांच्या पोरांना नेऊन देणं. आजी-आजोबांकडे ठेवताय तर त्यांना डायबिटीस, दमा, हार्टचं काही असेल तर मास्क, वेगळा टॉवेल आणि खिडकी उघडी, फ्लू त्यांना मुलांपेक्षा जास्त जड जातो. आणि अगदीच नाइलाज म्हणून पाठवलंच, तर निदान मला मेसेज करा. लपवू नका. मी दहा वाजता स्वतः जाऊन ताप बघेन आणि शेवटच्या बाकावर खिडकीजवळ बसवेन.

७. बॅगेला सॅनिटायझरची बाटली लटकवलीय, पुरेल ना?

बसमधून उतरल्यावर, स्वच्छ दिसणाऱ्या हातांना, ६० टक्के अल्कोहोलवाला असेल तर ठीक. पण चिखल लागलेल्या, डब्याचं तेल लागलेल्या हातावर तो काम करत नाही, आणि उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस, हात-पाय-तोंडवाला व्हायरस त्याला फारसे दाद देत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणी, निदान २० सेकंद.

मी दरवर्षी दुसरीच्या वर्गात एक गंमत करते. सुट्टीच्या आधी एकाच मुलाच्या तळहाताला गुलाबी रांगोळी चोळते आणि बाकीच्यांना सांगत नाही. सुट्टीनंतर सगळे मिळून शोधतो. कडीवर, नळावर, पाण्याच्या कूलरच्या बटणावर, तीन डब्यांच्या झाकणांवर, मागच्या वर्षी तर एका मुलीच्या वेणीच्या रिबिनीवरसुद्धा सापडली. त्यानंतर आठवडाभर हात धुवा सांगावं लागत नाही, मग परत सांगावं लागतं.

शाळेलाही विचारत जा, नळापाशी साबण आहे का. लिक्विड सोपच्या बाटलीत पाणी घालून घालून फक्त वास उरलेला असतो, हे पालकांनी सभेत उठून विचारलं की दुसऱ्या दिवशी बाटल्या भरलेल्या असतात. मी विचारते तेव्हा नसतात.

८. डोळे आलेत. गॉगल घालून पाठवू? बाकीच्यांना बघून लागत नाही ना?

बघून अजिबात लागत नाही, हाताने लागतं. डोळा चोळला, तोच हात बाकावर, पेन्सिलवर, रुमालावर. गॉगलचा उपयोग एवढाच की उजेड टोचत नाही आणि हात डोळ्याकडे कमी जातो. पाठवू नका. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अख्ख्या महाराष्ट्रात डोळ्यांची साथ होती तेव्हा गॉगल घातलेल्या मुलांचे निम्मे वर्ग झाले होते. पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत घरी, साधारण आठवडा. टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा. मेडिकलवाल्याला विचारून स्टिरॉइडचे ड्रॉप्स घालू नका, बहुतेक वेळा साथीचे डोळे व्हायरसचे असतात आणि आपोआप बरे होतात. खूप दुखतंय किंवा अंधुक दिसतंय तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी.

९. आम्ही उकळलेलंच पाणी देतो तरी पोट का बिघडतं?

बाटली दाखवा. स्ट्रॉवाली बाटली असेल तर त्या रबराच्या आत काळी बुरशी असते, ब्रश घालून बघा आणि मग मला सांगा. मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊनच आपल्या नळाला येतं, पण मध्ये सोसायटीची खालची टाकी आणि वरची टाकी असते, ती शेवटची कधी धुतली हे सेक्रेटरींना विचारा. पावसाळ्यात डब्यात कापलेली फळं, चटणी सँडविच नको, चार तास बंद डब्यात ते आंबतं. शाळेच्या गेटबाहेरच्या पाणीपुरीबद्दल मी बोलत नाही, मीही खाते, पण पावसाळ्यात नाही.

जुलाब लागले तर ओआरएस, पाकीट १ लिटरचं असेल तर अख्खं १ लिटर पाण्यातच, पेलाभर पाण्यात नाही, आणि केलेलं २४ तासांनी फेकायचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत, २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यांना ते नाव वापरायला बंदी केली ती त्याचसाठी. सोबत झिंक डॉक्टर देतील, ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं. लघवी होत नाही, डोळे खोल गेलेत, पाणी पोटात ठरत नाही, रक्त पडतंय, तर वाट बघू नका, दवाखाना.

१०. डेंग्यूचा डास शाळेत चावतो की सोसायटीत? शाळा म्हणते सोसायटी, सोसायटी म्हणते शाळा.

दोघंही खरं बोलतायत. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त, म्हणजे शाळा, क्लास आणि खाली खेळायची वेळ सगळंच त्याच्या ड्यूटीत येतं. आणि त्याला गटार नको, स्वच्छ साचलेलं पाणी हवं. रात्री मच्छरदाणीत झोपवता हे मलेरियासाठी उत्तम, डेंग्यूला तेवढ्याने भागत नाही, पूर्ण बाह्या, पूर्ण पँट आणि उघड्या हातापायांना क्रीम लागतं.

आमच्याकडे कुठे सापडलं सांगू? निळ्या ताडपत्रीच्या खळग्यात. पावसाळ्यात आपण गच्चीवर, गाडीवर, बांधकामाच्या सामानावर ताडपत्री टाकतो, तिच्या घड्यांत तांब्याभर पाणी साठतं आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मग कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या पाइपखालची बादली, मनीप्लांटची बाटली. आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करायचं आणि नुसतं ओतायचं नाही, घासायचं, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. फॉगिंगची गाडी आली की सगळे खूश होतात, पण धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच. महापालिकेचे लोक टाकी बघायला आले की वॉचमनला "नंतर या" सांगायला लावू नका.

११. वर्गात एकाला डेंग्यू झालाय, माझ्या मुलाला शेजारी बसवू नका असं सांगू का?

सांगू नका. डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही, मध्ये डास लागतो. उलट ताप असलेल्या मुलाला पहिला आठवडा दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायला हवं, म्हणजे त्याला चावून डास दुसऱ्याकडे जाणार नाही. ताप चढला की आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, ॲस्पिरिन द्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट खूप पालकांना माहीत नसते, डेंग्यूत धोका ताप उतरताना असतो, चढताना नाही. ताप गेला म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, हातपाय गार, झोपाळलेपणा सुरू होतो. यातलं एकही दिसलं तर लगेच हॉस्पिटल, १०८ ला फोन करा.

१२. रिक्षा बंद पडली, वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाण्यातून चालत आलो. लेप्टो होईल?

ठाण्याचे पालक हा प्रश्न दर जुलैत पाठवतात. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे, जंतू उंदीर-जनावरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि जखमेतून, खरचटलेल्या जागेतून शिरतात, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, जखम आहे का बघा. जखम असेल किंवा बराच वेळ पाण्यात होता तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी ते वयानुसार ठरवतील, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लहान मुलांना आपल्या मनाने नाही. पुढचा महिनाभर ताप आला, विशेषतः पोटऱ्या दुखतायत आणि डोळे लाल आहेत, तर आधी सांगायचं, "पाण्यातून चाललो होतो." हे सांगायचंच लोक विसरतात.

१३. सरकारी लशी सगळ्या झाल्यात, अजून काही घ्यायचं राहतं का?

कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा, पण थोडक्यात. सरकारी एमआरमध्ये गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही, म्हणून "लस घेतली तरी गालगुंड झालं" असं होतं. कांजिण्यांचीही लस सरकारी यादीत नाही. फ्लूची दरवर्षी लागते, पाऊस सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी, असर यायला दोन आठवडे जातात. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देताय तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंत सगळ्यांना आणि पुढे दमा वगैरे असलेल्यांना सांगते. घेतली तरी साधी सर्दी होणारच, ती दुसऱ्या व्हायरसची.

टायफॉइडबद्दल आपल्या नवी मुंबईचं कौतुक, २०१८ मध्ये महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस मोहीम काढून फुकट दिली होती, पहिल्या टप्प्यातच लाखाहून जास्त मुलांना. तुमच्या मुलाला तेव्हा मिळाली होती का ते जुन्या फाइलमध्ये शोधा.

१४. मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलंय, तेच चालू करू?

नाही. आणि उरलं कसं? कोर्स पूर्ण करायचा होता.

१५. हजेरी शंभर टक्के असेल तर सर्टिफिकेट मिळतं, आणि सोमवारी युनिट टेस्ट आहे.

त्या सर्टिफिकेटवर माझा जुना राग आहे. तापातल्या मुलाला शाळेत आणायचं बक्षीस आहे ते, दुसरं काही नाही. मी दरवर्षी स्टाफ मीटिंगमध्ये बोलते, दरवर्षी छापून येतात. पालकसभेत चार जणांनी मागणी केलीत तर कदाचित थांबेल. युनिट टेस्टचं म्हणाल तर डॉक्टरांचं पत्र दिलं की बहुतेक शाळा परत घेतात किंवा सरासरी लावतात, आधी वर्गशिक्षिकेला विचारा, मग घाबरा. १०२ तापात लिहिलेल्या पेपरला तसेही किती मार्क पडणारेत.

१६. धाकटीला कांजिण्या आल्यात, थोरल्याला काहीच नाही. त्याला पाठवू का?

अवघड आहे, कारण कांजिण्या अंगात १० ते २१ दिवस मुरतात आणि फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. तीन आठवडे धडधाकट मुलाला घरी बसवा असं मी म्हणणार नाही. लस झालीय किंवा आधी येऊन गेल्यात तर बिनधास्त पाठवा. नसेल तर डॉक्टरांना विचारा, संपर्क आल्यावर तीन ते पाच दिवसांत लस दिली तरी उपयोग होतो. रोज सकाळी पाठ-पोट बघून पाठवा आणि मला कळवा. कळवा म्हणते त्याला कारण आहे, वर्गशिक्षिका गरोदर असतील किंवा वर्गात केमो चालू असलेलं मूल असेल तर आम्हाला बसायची व्यवस्था बदलावी लागते. एकदा हे तीन दिवस उशिरा कळलं होतं, तेव्हाची धावपळ मला आठवायचीसुद्धा नाही.

१७. हात-पाय-तोंड बरं होऊन महिना झाला, आता नखं गळतायत! परत आलाय का?

नाही, घाबरू नका. काही मुलांत तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, नखं मुळापासून सुटतात, खालून नवीन येतच असतं. दुखत नाही, पसरत नाही, औषध लागत नाही. फक्त ओढून काढू देऊ नका, लोंबणारा भाग नेलकटरने कापा, आणि पायाची असतील तर आठवडाभर बुटाऐवजी सँडल घालून पाठवा, युनिफॉर्मचं मी वर्गशिक्षिकेला सांगून ठेवते.